ऑक्सिजनवाले मामा

सिलिंडर कधी उचलायचा नसतो. किंचित कलता करायचा, एक हात मानेवर, दुसरा पोटावर, आणि बुडाच्या कडेवर गोल गोल फिरवत न्यायचा. साठ किलोहून जड लोखंड मग आपणहून चालायला लागतं. भरलेला सिलिंडर चावीनं ठोकला तर ठप्प वाजतो, रिकामा घंटेसारखा घुमतो. काळं अंग आणि पांढरा खांदा म्हणजे ऑक्सिजन, निळा तो नायट्रस, भुलीचा. एवढी अक्षरओळख मला १९८४ साली मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात पहिल्या आठवड्यात झाली. बारावी सायन्स झालो होतो, पुढे शिकायला घरात पैसा नव्हता, आणि एकविसाव्या वर्षी मी 'मामा' झालो. आपल्याकडच्या रुग्णालयात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. मग वय काही का असेना. माझ्याकडे सिलिंडरचं काम होतं, म्हणून मी ऑक्सिजनवाला मामा.

मला शिकवणारे थोरले मामा साताऱ्याकडचे होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही हात पकडून नाकाजवळ नेले. सकाळी डोक्याला खोबरेल चोपडून आलो होतो. ते म्हणाले, "जा, साबणानं दोनदा धू. तेलाचा हात ह्या चावीला लागता कामा नये. भडका उडतो." दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की ठिणगीचीही गरज लागत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्यांना ते कुणा पुस्तकानं सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या हाताखालून एक एक गोष्ट अशीच शिकलो. टोपी काढायची, आपण बाजूला उभं राहायचं, चावीनं झडप क्षणभर उघडून बंद करायची म्हणजे तोंडावरची धूळ उडून जाते. मग वॉशर बघायचा, मीटर बसवायचा, झडप सावकाश खोलायची. वायू ओला करणाऱ्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी. आणि नळी रुग्णाच्या नाकाला लावण्याआधी तिचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहायचं. मीटरचा काटा खोटं बोलू शकतो, बुडबुडा नाही, असं ते म्हणत.

आणि हिशोब. मोठ्या सिलिंडरमध्ये, म्हणजे 'जंबो'त, ७ घनमीटर वायू, म्हणजे ७००० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडला तर ७०० मिनिटं, ११ तास ४० मिनिटं. लहान सिलिंडर १५०० लिटरचा, ५ लिटरनं ५ तास. भरलेला असताना दाबाचा काटा दीडशेवर असतो, पंचाहत्तरवर आला की निम्मा संपला. थोरले मामा सातवी नापास होते, पण रात्री दहाला वॉर्डातून एक फेरी मारली की कुठल्या खाटेचा सिलिंडर पहाटे किती वाजता बदलावा लागेल हे बोटांवर सांगत. ह्याला कुणी प्रशिक्षण म्हणत नव्हतं. नोकरीच्या कागदावर त्यांचं पद 'हमाल' होतं.

आज मी पुण्यात श्वसनोपचाराच्या, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपीच्या, पदवीच्या मुलांना प्रात्यक्षिकं शिकवतो. मध्ये बरीच वर्षं गेली. नोकरी करत तंत्रज्ञाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, फार उशिरा पदवी घेतली. शिकवायला लागल्यावर ह्या व्यवसायाचा इतिहास शोधून वाचू लागलो, आणि पहिल्याच पानांवर मला थोरले मामा भेटले. गाव मात्र शिकागो होतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांना ऑक्सिजनच्या तंबूत ठेवत. न्यूयॉर्कच्या डॉ. ॲल्व्हन बराक यांनी ह्या तंबूला चांगलं रूप दिलं. आत हवा कोंदट होई, म्हणून ती बर्फावरून फिरवून थंड करावी लागे. तो बर्फ वाहणारी, सिलिंडर ढकलणारी, तंबूच्या कडा गादीखाली खोचणारी माणसं म्हणजे रुग्णालयातले ऑर्डर्ली, तिथले मामा. दुसऱ्या महायुद्धानंतर शस्त्रक्रिया वाढल्या, ऑक्सिजनचा वापर वाढला, उपकरणं वाढली. सिलिंडर ढकलणाऱ्यालाच मीटर कळतो, तर मग त्यालाच नीट शिकवू, असं काही डॉक्टरांच्या मनात आलं. शिकागोच्या मायकेल रीझ रुग्णालयात डॉ. एडविन लेव्हिन यांनी अशा माणसांना कामावरच तयार करायला सुरुवात केली. जुलै १९४६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात काही तंत्रज्ञ आणि डॉक्टर एकत्र बसले आणि त्यांनी 'इन्हेलेशनल थेरपी असोसिएशन' काढली. एप्रिल १९४७ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली. जगात श्वसनोपचार हा वेगळा व्यवसाय म्हणून उभा राहिला तो इथून. पुढे १९५६ मध्ये त्यांचं नियतकालिक निघालं, १९६० मध्ये नोंदणीची पहिली परीक्षा झाली. परवान्याचा कायदा व्हायला मात्र १९८२ उजाडलं, तो कॅलिफोर्नियात. संघटनेच्या नोंदणीपासून परवान्यापर्यंत ३५ वर्षं. हे आकडे मी मुलांना पाठ करायला लावत नाही. पण त्या बैठकीत डॉक्टरांच्या शेजारी तंत्रज्ञ बसले होते, ही एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसावी असं मला फार वाटतं.

त्याच सुमारास एक भयंकर गोष्ट घडत होती. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत भरपूर ऑक्सिजनवर वाढवू लागले. बाळं जगली, पण त्यांतली कितीतरी आंधळी झाली. नजर आतून विझत होती आणि कारण सापडत नव्हतं. गंमत नव्हे, शोकांतिका अशी की जितकं रुग्णालय सुसज्ज, तितकी आंधळी बाळं जास्त. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते ऑक्सिजनवर. पुढे अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीनं ते पक्कं झालं. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली होती. मराठीत आपण ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण त्यानं एक गैरसमज रुजवला की प्राण जितका जास्त तितका चांगला. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. आमच्या वॉर्डात नातेवाईक हळूच येऊन मीटरची कळ फिरवून ठेवत, नाहीतर म्हणत, "मामा, थोडा जास्त सोडा ना." मीही सोडलेला आहे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि माहीत असायला हवं होतं. शिकवण्याकडे वळलो त्यामागे ही टोचणीही आहे.

आता कोपनहेगन. ह्या गावी मी कधी गेलो नाही, पण १९५२ च्या उन्हाळ्यातला तिथला एक वॉर्ड मला माझ्या वॉर्डाइतका ओळखीचा वाटतो.

त्या वर्षी तिथे पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण येत होते. पोलिओ पायांवर थांबला तर माणूस पांगळा होतो, श्वासाच्या आणि गिळण्याच्या स्नायूंवर गेला तर गुदमरतो. त्यासाठी 'लोखंडी फुप्फुस' होतं. बॉस्टनच्या फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी १९२८ मध्ये बनवलेली ही पेटी. मान बाहेर, बाकी सगळं शरीर आत, आणि पेटीतल्या हवेचा दाब कमीजास्त करून छाती बाहेरून हलवायची. कोपनहेगनच्या त्या रुग्णालयात अशी पेटी होती एक, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. श्वास थांबलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ मेले.

प्रमुख डॉक्टर होते लासेन. त्यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावलं. भूलतज्ज्ञाचं काम शस्त्रक्रियागृहात, साथीच्या वॉर्डात त्याला कोण विचारतो? पण इब्सेन यांनी शवविच्छेदनं पाहिली, नोंदी वाचल्या आणि सांगितलं की ही माणसं विषाणूनं मरत नाहीत, श्वास पुरत नाही म्हणून रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून मरतात. २७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी मरणाच्या दारात होती. तिच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. ती तडफडत होती, फुगा दाबून हवा आत जाईना. इब्सेन यांनी तिला झोपेचं इंजेक्शन दिलं. तिची धडपड थांबली, श्वासही थांबला, आणि आता त्यांच्या हातातली रबरी पिशवी तिच्यासाठी श्वास घेऊ लागली. आसपासच्यांना ती गेलीच असं वाटलं. तिचा रंग परतला. ती जगली.

एक मुलगी ठीक, पण एका वेळी अशा सत्तर रुग्णांना श्वास हवा होता, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने. यंत्रं नव्हती. मग वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं बोलावली, दंतवैद्यकाचीही बोलावली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातानं पिशव्या दाबल्या, एकूण १,६५,००० तास. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून पुढे निम्म्याहून खाली आलं. ह्या मुलांना शिकवायला वेळ असा नव्हताच. काही तासांत तयार व्हायचं आणि खाटेशी बसायचं. रुग्ण बहुतेक लहान मुलं. ती बोलू शकत नसत, गळ्यात नळी. डोळ्यांनी सांगत, अजून थोडी, आता हळू. विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत. रात्री मुलं झोपावीत म्हणून दिवे मंद करत आणि त्या अंधुक उजेडात एकोणीस-वीस वर्षांचा पोर पिशवी दाबत बसे. काही वेळा आपण श्वास देतो आहोत तो रुग्ण केव्हा गेला हे त्याला उजाडल्यावर कळे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

ह्या साथीतून अतिदक्षता विभाग जन्माला आला असं सगळे लिहितात, ते खरंच आहे. इब्सेन यांनी पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये तसा विभाग उघडला. रक्तातले वायू मोजण्याची पौल आस्ट्रूप यांची पद्धतही ह्याच वॉर्डातल्या गरजेतून आली. आज आमची मुलं दिवसातून पाच वेळा रक्तवायूंची जी 'एबीजी' तपासणी करतात ती तिचीच नात. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. श्वास देणं हे शिकवता येणारं हातकाम आहे, डॉक्टर नसलेल्यालाही ते नीट करता येतं, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर तिथे सिद्ध झालं.

ती पिशवी सिलिंडरच्या वायूवर चाले. वायू नाही तर पिशवी चिपाड. पुढे डेन्मार्कमध्येच ट्रकचालकांच्या संपामुळे रुग्णालयांना ऑक्सिजन पोचेना, तेव्हा हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी आपोआप फुगणारी पिशवी बनवली. पहिल्या नमुन्यात आतून ताण द्यायला सायकलच्या चाकाचे आरे जोडून वापरले होते. १९५६ मध्ये ती बाजारात आली, नाव अंबू. आपल्याकडे कुठल्याही कंपनीची असली तरी तिला अंबूबॅगच म्हणतात, आणि भारतातल्या सरकारी रुग्णालयांत ह्या पिशवीनं जितकी माणसं जगवली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या साधनानं जगवली असतील.

मुंबईत १९४९ मध्ये पोलिओची साथ येऊन गेली होती, पण मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे श्वासाचं मुख्य दुखणं धनुर्वात होतं. पावसाळा लागला की रुग्ण यायचे. पायात खिळा, हातावर कोयत्याची जखम, कानात घातलेली काडी. जबडा मिटलेला, पाठ धनुष्यासारखी. आवाजानं, उजेडानं झटका येतो म्हणून वॉर्ड अंधारा ठेवत आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जात असू. डॉ. फारोख उदवाडिया यांनी साठच्या दशकाच्या अखेरीला ब्रीच कँडीत अतिदक्षता विभाग उभारला, आणि जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताच्या गरीब रुग्णांसाठी श्वसनोपचाराची सोय केली. रुग्णाचे स्नायू औषधानं पूर्ण सैल करायचे आणि झटके ओसरेपर्यंत, कधी तीन-चार आठवडे, त्याचा श्वास आपण चालवायचा, ही ती पद्धत. १५० रुग्णांवरचा त्यांचा अहवाल १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अतितीव्र धनुर्वातात ७० टक्के मरत, ते प्रमाण २३ टक्क्यांवर आलं होतं. मुंबईच्या वैद्यकाच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे आणि त्याचा व्हावा तितका गौरव मराठीत झालेला नाही.

आमच्या वॉर्डात तेव्हा चालू स्थितीतली यंत्रं दोन. त्यांतलं एक 'बर्ड', हिरवट पारदर्शक पेटी, फॉरेस्ट बर्ड या अमेरिकन वैमानिकानं १९५८ मध्ये आणलेलं. विजेवर नाही, वायूच्याच दाबावर चालायचं, आत लोहचुंबक, प्रत्येक श्वासाला टक असा आवाज. १९८६ च्या श्रावणात मुरबाडकडचा एक शेतमजूर आला, पंचविशीचा. गळ्याला छेद झाला, औषध दिलं, आणि दोन्ही यंत्रं दुसऱ्या रुग्णांना लावलेली. सिस्टरनं त्याच्या थोरल्या भावाच्या हातात अंबूबॅग दिली, मला शेजारी बसवलं. भाऊ घाबरून भराभर दाबायला लागला. सिस्टर त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "दादा, पिशवीकडे नका बघू. छातीकडे बघा. छाती उठली की सोडायचं. ती पुरती बसू द्यायची. मग परत."

एकोणीस तास आम्ही दोघांनी ती पिशवी दाबली, अर्ध्या अर्ध्या तासानं हात बदलत. मिनिटाला बारा-चौदा. पहिल्या तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, मग पंजा सुन्न होतो, मग तो आपला राहतच नाही. आणि हळूहळू पिशवीतून समजायला लागतं. फुप्फुसात कफ साचला की पिशवी जड लागते, सक्शन केलं की हलकी. नळी पिळली गेली तर हाताला आधी कळतं, रुग्णाचा चेहरा काळवंडतो त्याच्या आधी. पहाटे भाऊ मला म्हणाला, "मामा, माझा श्वास बी ह्याच्यासंगंच चाललाय." माझाही चालला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र मोकळं झालं. कसं मोकळं झालं ते सांगायला नको. मुरबाडचा मुलगा सव्वा महिन्यानं चालत घरी गेला.

आज माझ्या वर्गात सुरुवातीचे दोन आठवडे व्हेंटिलेटरला हात लावू देत नाही, ते ह्याचसाठी. पुतळ्यावर अर्धा तास पिशवी दाबायची, मी मध्येच नळी चिमटीत धरतो, आणि न बघता सांगायचं की काय झालं. पडद्यावर दाबाची रेघ वर गेली म्हणजे काय हे पंजाला एकदा कळलं की ते कधी विसरत नाही.

थोरले मामा १९९३ मध्ये निवृत्त झाले. तेहतीस वर्षं ऑक्सिजन सांभाळला, कितीतरी शिकाऊ डॉक्टरांना मीटर वाचायला शिकवलं, आणि निवृत्तीच्या कागदावर पद तेच, हमाल. त्या रुग्णालयाचं नाव मी घेत नाही, कारण दुसरीकडेही वेगळं काही नव्हतं. शिकागोत १९४६ मध्ये जी बैठक झाली तशी आमच्या मामांची कुणी घेतली नाही. दक्षिणेत आधी, मग पुण्या-मुंबईत पदवीचे वर्ग निघाले, तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात काम. ते विज्ञानाच्या मुलांसाठी. वॉर्डात आयुष्य घातलेल्यांना त्यात यायला वाट नव्हती. मी बारावी पास होतो म्हणून सटकलो. मार्च २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट हे नाव आलं. ते वाचायला थोरले मामा नव्हते.

कायदा झाला आणि पुढच्याच महिन्यात करोनाची दुसरी लाट अंगावर आली. जिल्ह्याजिल्ह्यांत व्हेंटिलेटर पोचले होते, चालवणारी माणसं तोकडी होती. आमची शेवटच्या वर्षाची मुलं पीपीई चढवून वॉर्डात उभी राहिली आणि त्यांच्याबद्दल मला वाटणारा आदर शब्दांत मांडता येणार नाही. एका रात्री दीडच्या सुमाराला मला एका तालुक्याच्या ठिकाणाहून फोन आला. आमचा जुना विद्यार्थी तिथे होता, पण तो आत एका रुग्णाला नळी घालायला डॉक्टरांना मदत करत होता. फोनवर होता तिथला वॉर्डबॉय. "सर, एकच जंबो उरलाय. काटा चाळीसवर. गाडीला अडीच तास लागणार. पुरंल का?"

मी विचारलं, पेशंट किती? तीन. कितीवर? पाच, पाच, पाच. आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला. दीडशेला सात हजार, तर चाळीसला अठराशेच्या वर. मिनिटाला पंधरा जाताहेत. दोन तास. पुरणार नाही. मग म्हटलं, बोटाला लावलेलं यंत्र वाच. पहिला सत्त्याण्णव, दुसरा अठ्ठ्याण्णव, तिसरा नव्वद. "पहिल्या दोघांचा डॉक्टरांना विचारून तीनवर आण, आणि दोघांच्या शेजारी बसून राहा. ब्याण्णवच्या खाली गेला तर लगेच सांग. तिसऱ्याला हात लावू नकोस." आता मिनिटाला अकरा. दोन तास पन्नास मिनिटं.

तो फोन न ठेवता बसून राहिला. दर दहा मिनिटांनी आकडे सांगत होता. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव, नव्वद. चारला दहा कमी असताना पलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, आणि मग फरशीवर फिरत येणाऱ्या भरल्या सिलिंडरचा आवाज.